नावे कोणाच्या?

साहित्यावर लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी बी. कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. बँकेत क्लार्क आहे. रोज बारकाईनं वाचतो ते वाङ्मय म्हणजे चेक. आणि त्यातही तारीख, रक्कम नि सही एवढंच बघतो, शैलीच्या वाटेला जात नाही. तरी आज एका कादंबरीवर टीका लिहायला बसलो आहे. दोष माझ्या मुलीचा आहे.

त्याचं असं झालं. रविवारी सकाळी कन्या पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. मी सहज विचारलं, "काय वाचतेयस?" मान वर न करता ती म्हणाली, "अर्थसी." मला एकदम भरून आलं. नववीतली पोर रविवारी सकाळी अर्थशास्त्र वाचते! खाण तशी माती म्हणतात ते काही खोटं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ही शुभवार्ता दिली. ही म्हणाली, "आधी पुस्तकावरचं चित्र बघा, मग पेढे आणा." बघितलं, तर मुखपृष्ठावर एक ड्रॅगन! बड्या कर्जदारांत असले प्राणी असतात असं ऐकून होतो, पण त्यांना पंख नसतात.

तर 'अर्थसी' म्हणजे आपल्या अर्थाशी काही संबंध नसलेला, जमीन आणि समुद्र मिळून झालेला एक काल्पनिक प्रदेश. सगळा बेटांचा. उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) ह्या अमेरिकन लेखिकेनं तो वसवला. पहिली कादंबरी 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ साली आली. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या वळणारा एक पोरगा जादूगार कसा होतो, त्याची ती गोष्ट. त्याचं खरं नाव गेड. जादूच्या शाळा पुढे गल्लोगल्ली निघाल्या. ही शाळा त्यांच्या बरीच आधीची.

चाचणी परीक्षा जवळ आल्यावर आईनं लेकीकडून ते पुस्तक जप्त केलं आणि जप्तीचा माल नियमाप्रमाणे माझ्या ताब्यात आला. झोप येईपर्यंत दोन पानं, म्हणून उघडलं ते रात्री दीड वाजता मिटलं. मला जादूचं वेड लागलं असं कोणी समजू नये. मला त्या मंडळींची हिशेबाची पद्धत आवडली.

अर्थसीत रोजच्या बोलण्याची भाषा हार्डिक. पण तिच्याखाली एक आदिभाषा आहे. सृष्टी जिच्यातून निर्माण झाली ती. तिच्यात प्रत्येक वस्तूचं खरं नाव आहे. दगडाचं 'तोल्क', समुद्राचं 'इनियन'. खरं नाव ज्याला कळलं त्याच्या हुकमात ती वस्तू. आता ही भाषा लिहायची कशी? तर तिची चिन्हं आहेत, त्यांना रून म्हणतात. त्यांची व्यवस्था लेखिकेनं पुढे २००१ साली 'टेल्स फ्रॉम अर्थसी' ह्या पुस्तकाच्या शेवटी नीट समजावून दिली आहे. खरा रून लिहिणं म्हणजे नुसतं लिहिणं नव्हे, ती कृती आहे. लिहिलं की घडतं. त्यावरून उतरलेले जे हार्डिक रून, ते मात्र रोजच्या व्यवहारासाठी. त्यात वाण्याची यादी लिहिली तर घरात गुळाची ढेप येऊन पडत नाही.

सामान्य वाचक इथं म्हणेल, कल्पना काय एकेकाची! बँकेतला माणूस म्हणेल, यात कल्पना कुठली? चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या समांतर रेघा मारून बघा. जगात दुसरीकडे कुठंही मारल्या तर त्या रेघाच राहतात. चेकवर मारल्या की काउंटरवर रोख मिळणं बंद, पैसे जायचे ते खात्यात. ह्या दोन रेघांना १८८१ च्या कायद्याचा आधार आहे. आणि सही? जे अक्षर कोणालाही वाचता येत नाही आणि ज्याच्यावर सगळे विश्वास ठेवतात, त्याला रून नाही तर काय म्हणायचं? मी स्वतः वीस वर्षं हे असलं मंत्रसाहित्य तपासतोय आणि पगार मात्र क्लार्कचा घेतोय.

असल्या पुस्तकांतल्या जादूच्या लिप्यांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. बहुतेक ठिकाणी ती लिपी म्हणजे लग्नपत्रिकेवरची वेलबुट्टी असते. म्हाताऱ्यानं पोथी उघडली, वळणदार अक्षरं चमकली, राक्षस मेला. का मेला? अक्षरं चमकली म्हणून! उद्या मी साहेबांना सांगितलं, 'व्हाउचर चमकलं, म्हणून पास केलं,' तर चालेल का? टॉल्किन ह्यांची गोष्ट वेगळी. ते भाषांचेच प्राध्यापक. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला माणसं हवीत म्हणून गोष्टी लिहिल्या. त्यांच्या अंगठीवरची अक्षरं विस्तवात धरल्याशिवाय दिसत नाहीत, आपण नोट उजेडाकडे धरून बघतो तसं. ले ग्विन बाईंकडे एवढा शब्दसाठा नाही. पहिल्या पुस्तकात आदिभाषेचे शब्द मूठभरच सापडतील. पण त्यांच्याकडे नियम आहेत, आणि नियम असला की पुरावा मागता येतो.

नियम पहिला : पाठांतराला पर्याय नाही. शाळेतल्या पोरांना एका एकाकी मनोऱ्यात पाठवतात. तिथले गुरुजी नावांच्या याद्या देतात. एखाद्या समुद्रातल्या प्रत्येक भूशिराचं, खाडीचं, खडकाचं नाव. रात्री बारापर्यंत पाठ करायच्या, कारण बाराला शाई उडून जाते आणि कागद कोरा! हे वाचलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. ज्यानं वर्षअखेरीला, एकतीस मार्चच्या रात्री, बँकेत ताळा जुळवलाय त्यालाच हे प्रकरण कळेल.

नियम दुसरा : फुकट काही नाही. एका बेटावर मंत्रानं पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. म्हणून गेडचा पहिला गुरू ऑजियन पाऊस आला की मंत्र म्हणत नाही, झाडाखाली जाऊन अंग चोरून पडतो. शिष्याला वाटतं, म्हातारा कुचकामी आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याला अकाउंटन्सी कळते. आपल्या मराठी जमाखर्चात एका बाजूला 'जमा' असते आणि दुसऱ्या बाजूला 'नावे'. डेबिटला 'नावे' म्हणणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात दंडवत घालतो. रक्कम हवेत जात नाही, ती कोणाच्या तरी नावे पडते. एका ठिकाणी पाऊस जमा झाला की विचारायचं, नावे कोणाच्या? अर्थसीची सगळी जादू ह्या एका प्रश्नावर उभी आहे. म्हणूनच ती खरी वाटते.

नियम तिसरा आमच्या जातीला अभिमान वाटावा असा आहे. पेंडॉर बेटावर एक महाभयंकर ड्रॅगन असतो. गेड होडीतून एकटा जातो आणि त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतो, 'येव्हॉड!' ड्रॅगनची बोलतीच बंद. हे नाव त्याला मिळालं कुठं? तपश्चर्येनं नव्हे, आकाशवाणीनं नव्हे. शाळेत जुने इतिहास वाचताना त्यानं ताडलं होतं की फार पूर्वी दुसऱ्या बेटावरून हाकललेला ड्रॅगन तो हाच असणार. म्हणजे रेकॉर्डरूममध्ये बसून जुन्या नोंदी ताडून पाहिल्या! जागतिक वाङ्मयात क्लार्कचा एवढा पराक्रम दुसऱ्या कोणी लिहिला असेल असं मला वाटत नाही. आणखी एक गंमत. आदिभाषेत माणसाला खोटं बोलता येत नाही. ड्रॅगनला येतं, कारण ती त्याची मातृभाषा आहे. काही वकिलांशी व्यवहार केल्यावर मला हा मुद्दा लगेच पटला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. शेवटही सांगणार आहे. रहस्यकथा नव्हे, त्यामुळे पाप लागणार नाही. पोरगेला गेड गुरूच्या गैरहजेरीत त्याचं मोठं पुस्तक उघडतो. मेलेल्यांचे आत्मे बोलावण्याचा मंत्र समोर येतो. एकेक रून करत तो वाचायला लागतो आणि नजर उचलताच येत नाही. मंत्र त्याला शेवटपर्यंत वाचायला लावतो. वाचून होतं तेव्हा दाराशी काहीतरी काळं उभं असतं. पुढे शाळेत ईर्षेपोटी तो तसलाच मंत्र पुन्हा करतो नि एक छाया जगात मोकळी सुटते. तिला नाव नाही. नाव नाही म्हणून तिच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही. गेड पळतो, ती मागे लागते.

वाचकहो, ही सस्पेन्स खात्यातली रक्कम आहे! ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्सला टाकतो. मग ती रात्री स्वप्नात येते, तपासनीसाच्या तोंडून बोलते, बदली झाली तरी पाठ सोडत नाही. मी नवीन लागलो तेव्हा आमच्या खेड्यातल्या शाखेत अजून जाडजूड खातेवह्या होत्या आणि अशाच एका रकमेच्या पाठीमागे मी तीन आठवडे होतो. सगळ्या गावाची खाती धुंडाळली. शेवटी ती चूक माझ्याच हातची निघाली. गेडचंही तेच होतं. एक दिवस तो पळणं सोडून उलट छायेच्या मागे लागतो, दूर समुद्रात तिला गाठतो आणि तिला तिच्या नावानं हाक मारतो. ते नाव 'गेड'च असतं. नोंद ज्याची होती त्याच्या नावे पडली. खातं बंद.

ह्या कादंबरीत मला सर्वांत आवडलेली जागा मात्र लढाईची नाही. खरं नाव कळलं की माणूस दुसऱ्याच्या मुठीत जातो, म्हणून अर्थसीत कोणी ते सांगत नाही. व्यवहाराला टोपणनाव असतं. छायेच्या प्रकरणात गेडचं सगळं गेलेलं असतं. रूप, तोरा, आत्मविश्वास. त्या वेळी त्याचा मित्र शाळा सोडून जाताना त्याला आपलं खरं नाव सांगून टाकतो. काही न मागता. विनातारण कर्ज म्हणतात ते हे. आमच्या मॅनेजरनं नक्की नामंजूर केलं असतं.

लेखिकेला नावाचं हे महत्त्व कुठून सापडलं ते आपण कशाला सांगा. पण तिच्या घरात एक गोष्ट होती. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली याही जमातीचा शेवटचा उरलेला माणूस रानातून बाहेर आला आणि ह्या मंडळींच्या संग्रहालयात राहिला. आपलं नाव आपण सांगायचं नाही, ही त्याच्या जमातीची रीत. सांगायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. म्हणून सगळे त्याला 'ईशी' म्हणायला लागले. त्याच्या भाषेत ईशी म्हणजे नुसतं 'माणूस'. १९१६ साली तो वारला. नाव बरोबर घेऊन गेला. उर्सुला बाई तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या, पण ईशीचं चरित्र पुढे १९६१ साली त्यांच्या आईनंच लिहिलं.

एवढी स्तुती झाल्यावर तपासनीसाचा शेरा मारणं भाग आहे. ह्या चोख वहीत एक मोठी तफावत आहे. जादूच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही. बाईची जादू म्हणजे कच्ची नि कपटी, अशा अर्थाची म्हण गॉन्ट बेटावर आहे. बरं, नावे कोणाच्या विचारणारी लेखिका इथं हा प्रश्न विचारतच नाही. १९७१ च्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' ह्या दुसऱ्या पुस्तकात नायिका आहे, टेनार नावाची. तिच्या मुलखात लेखन हीच काळी विद्या मानतात. लहानपणी तिला देवस्थानाला वाहतात, तिचं नाव काढून घेतात आणि 'आर्हा' म्हणतात. अर्थ, खाल्ली गेलेली. त्या देवस्थानात एक कडं आहे, मोडकं, अर्धं. दुसरा अर्धा भाग गेडकडे. कड्याच्या आतल्या बाजूला नऊ रून कोरलेले आणि ते मोडलं नेमकं एका रूनावरून. तो रून शांततेचा. तो मोडल्यापासून बेटांत शांतता नाही. गेड टेनारला तिचं नाव परत देतो, ती त्याला अर्धं कडं देते, रून सांधला जातो आणि कडं तिच्या हातात जातं. छान. पण १९७२ च्या तिसऱ्या पुस्तकात ही बाई गायब! तिचा भाग वसूल झाला नि खातं बंद.

पण इथंच मी ह्या लेखिकेला मानलं. आमच्यात चूक झाली तर आकड्यावर आकडा गिरवत नाहीत. स्वच्छ दुरुस्तीची नोंद करायची आणि खाली आपली सही. १९९० साली, म्हणजे अठरा वर्षांनी, बाईंनी चौथं पुस्तक लिहिलं, 'टेहानू'. टेनार पुन्हा हजर. मध्यमवयीन, एका शेतकऱ्याची विधवा. आणि सासरच्या मुलखात तिला सगळे 'गोहा' म्हणतात. खरं नाव एकदोघांनाच ठाऊक. पुढे २००१ च्या गोष्टींत तर असं निघतं की त्या शाळेच्या मूळ संस्थापकांत बायकाही होत्या. जुनं काही खोडलं नाही. जमेच्या बाजूला राहून गेलं होतं ते लिहिलं.

'टेहानू' वाचत होतो त्याच आठवड्यात आई बँकेत आली. वडील जाऊन दोन महिने झाले होते. फॅमिली पेन्शनचे कागद माझ्याच काउंटरवर. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, वडिलांच्या नोकरीच्या कागदांत तेच दुसरं, पण ऱ्हस्वदीर्घाचा घोळ घालून. रांगेतल्या इतर बायकांना जे सांगतो तेच मी यंत्रासारखं म्हणालो, "नावात तफावत आहे. प्रतिज्ञापत्र लागेल."

आई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, ताटातल्या तांदळात तुझ्या बाबांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हा नाही कोणी प्रतिज्ञापत्र मागितलं."

मागच्या रांगेतलं कोणी हसलं नाही. निम्म्या बायकाच होत्या.

रून लिहिणं म्हणजे कृती, हे समजायला मला अर्थसीपर्यंत जायची काय गरज होती? एक अंगठी, एक ताट, चार अक्षरं. आणि अठरा वर्षांची एक मुलगी पुसून दुसरीच बाई उभी! आणि ती रक्कम नावे कोणाच्या, हे पन्नास वर्षं कोणी विचारलं नाही. मीही नाही. मला ते जुनं नाव ठाऊक नव्हतं असं नाही. मामांच्या तोंडून लहानपणी ऐकलं होतं. पण ते आईचं आहे, असं कधी वाटलं नव्हतं. मामांच्या घरातली एखादी वस्तू असावी तसं वाटायचं.

आमच्या लग्नातही ताट होतं. मी मोठ्या रुबाबात अंगठीनं नाव लिहिलं. गुरुजींनी मान इकडून तिकडून वाकडी करून पाहिली आणि विचारलं, "हे मराठीच ना?" पाहुण्यांत हशा पिकला, बायकोनं त्या गडबडीत ताट हलवलं आणि विषय तिथंच संपला. माझं अक्षर कोणाला वाचता आलं नाही, म्हणून तिचं नाव वाचलं. आमच्या संसाराला माझी ही एवढीच भरीव देणगी आहे.

आईचं काम यथावकाश झालं. प्रतिज्ञापत्रावर तिनं दोन्ही नावं लिहिली. नवं नाव झरझर लिहिलं. जुन्यापाशी हात थांबला. मला वाटलं, विसरली. विसरली नव्हती, सावकाश, शाळेतल्यासारखं, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ देत तिनं ते लिहिलं आणि कागद थोडा लांब धरून बघत बसली. मी घाई केली नाही. काउंटरवर अशी सवलत मी सहसा देत नाही.

ते नाव काय, हे इथं लिहिणार नाही. मुलीनं बजावलंय, खरं नाव विश्वासातल्या माणसालाच सांगायचं. तुमच्यावर माझा अविश्वास आहे असं नाही. पण तुमचं खातं आमच्या शाखेत नाही.